मास्तरांचा शेवटचा कोट

"माझ्या वडिलांचा खून केला म्हणून ज्याला धरलंय, त्याला सोडवायचंय," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. बस म्हणून कोणी म्हटलं नव्हतं.

भाच्याने हातातला कप बशीत ठेवला. आत्याकडे नाना तऱ्हेची माणसं येत. हरवलेली मृत्युपत्रं, पळालेले भागीदार, खोट्या सह्या. पण बापाच्या मारेकऱ्यासाठी रदबदली करायला आलेली लेक तो पहिल्यांदाच पाहत होता.

आत्याने तीस वर्षं विमा कंपनीत माणसांच्या मरणाची कागदपत्रं तपासली होती. निवृत्त झाली तरी खोटं हुंगायची सवय सुटली नव्हती. बँकेतून लवकर मोकळा झालेला भाचा तिची गाडी चालवी, वहीत टिपणं काढी आणि उठता बसता बोलणी खाई.

"पाणी दे रे तिला," आत्या म्हणाली. "बघत काय बसलास?"

पाणी पिऊन ती सांगू लागली. तिशीची, शाळेत शिकवणारी. आवाज वर्गातल्यासारखा नीट, फक्त मधेच कुठेतरी उसवत होता.

तिचे वडील कटिंग मास्तर. चाळीस वर्षं एकाच दुकानात लोकरीचे सूट कापत आले. गेल्या बुधवारी ते कटिंगच्या खोलीत मेलेले सापडले. डोक्यात जड इस्त्रीचा घाव. बुधवारी दुपारनंतर दुकान बंद असतं, कारागीर घरी जातात. मास्तरांचा तोच लाडका वार, कारण खोली शांत मिळते.

"साडेतीनला डॉक्टर सुटाचं कापड देऊन गेले. पावणेचारला बाबांचा जुना शागीर्द आला, चारला गेला. मालक पुढच्या ऑफिसात होते, ते साडेपाचला निघाले. समोरच्या घड्याळवाल्याने तिघांनाही पाहिलंय. सहाला दुकानाचे इस्त्रीवाले, आमचे इस्त्रीकाका, मागच्या दाराने आले आणि सातला त्यांनीच ओरडून लोक गोळा केले."

"मग त्यांनाच का धरलं?"

"टेबलावर डॉक्टरांचा कोट कापून तयार होता. अख्खा. बाबांना एक कोट कापायला अडीच तास लागायचे, हे गल्लीतलं कोणीही सांगेल. चारला शागीर्द गेला तेव्हा कापड घडीतच होतं. म्हणजे बाबा साडेसहापर्यंत जिवंत होते, असं फौजदार म्हणतात. आणि साडेसहाला दुकानात काकांशिवाय कोणी नव्हतं."

"भांडण वगैरे?"

"मंगळवारी एक कोट काकांच्या हातून करपला. बाबा चारचौघांत बोलले त्यांना. पण तीस वर्षं बोलतच होते हो! त्या दोघांचं जेवण एका डब्यात होतं. मला काकांनी खांद्यावर बसवून शाळेत नेलंय." ती थांबली. "उद्या संध्याकाळपर्यंत ते कबुलीवर सही करतील. काल भेटायला गेले तर म्हणाले, पोरी, लिहू दे त्यांना काय लिहायचं ते. मास्तर गेले. आता बाहेर येऊन कोणाच्या कोटाला इस्त्री करू?"

आत्याने आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"वडील कसे होते तुझे?"

हा प्रश्न तिला कोणी विचारला नसावा. तिचा चेहरा हलला. "कमी बोलायचे. गायचे मात्र. आई लवकर गेली, मला तेच झोपवायचे. अंगाई येत नव्हती त्यांना एकही. मग आपलं कामच गायचे.

नीज गं लोकरी, ओल्या चादरीत नीज,
उद्या सावलीत जाग, मग कात्रीची वीज."

भाच्याने वहीत लिहिलं, 'अंगाई.' आणि पेन्सिल थबकली, कारण यापुढे काय लिहावं ते त्याला कळेना.

*

कोठडीतला म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. हात मांडीवर उताणे. वाफेने वर्षानुवर्षं शिजलेले ते हात आता गार दिसत होते.

"सहाला कशाला गेला होता?" आत्याने विचारलं.

"कापडाला पाणी दाखवायला. कापायच्या आधी भिजवून आटवून घेतात ना, तसं. मास्तरांनी सकाळी सांगितलं होतं, डॉक्टरांचं कापड यायचंय, सहाला ये."

दारात उभा असलेला फौजदार हसला. "ऐकलंत? कापड साडेसहाला कापून तयार, आणि हा पाणी दाखवायला चाललाय! मालक सांगतात, पाण्याचं ते खूळ दुकानात दोन वर्षांपूर्वीच बंद झालं. खोटं बोलायलाही अक्कल लागते, बाबा."

म्हाताऱ्याने शाळेत मार खाल्लेल्या मुलासारखी मान खाली घातली.

"गेल्यावर काय केलंत?" आत्याचा आवाज मऊ झाला होता. भाच्याला तो फार क्वचित ऐकू येई.

"मागच्या मोरीत चादरी भिजत घातल्या. कटिंगच्या खोलीचं दार लावलेलं होतं, फटीतून दिवा दिसत होता. दार लावलं असलं की वाजवायचं नाही, हात हलतो त्यांचा. म्हणून बसून राहिलो. तासभर झाला तरी कात्रीचा आवाज नाही. तेव्हा ढकललं."

"आणि?"

"खाली होते. टेबलाकडे बघायचं भानच राहिलं नाही. इस्त्री शेजारी पडली होती, उचलून स्टँडवर ठेवली."

"का?" भाचा न राहवून म्हणाला. "अहो, तुमच्या बोटांचे ठसे उमटले ना त्यावर!"

म्हाताऱ्याने त्याच्याकडे नवलाने पाहिलं. "इस्त्री जमिनीवर ठेवत नाहीत."

*

कटिंगच्या खोलीचं सील फौजदाराने काढलं. "पंधरा मिनिटं. तुम्ही विम्याच्या बाई म्हणून. नाहीतर मी कोणाला पाय ठेवू देत नाही. बुधवारपासून माशीसुद्धा आत गेलेली नाही."

लांब टेबल, हातांनी झिजून गुळगुळीत झालेलं. टेबलावर कोटाचे तुकडे पसरलेले. पाठ, छाती, बाह्या, कॉलर. कोळशासारखं करडं कापड, आणि त्यात दर चार बोटांवर उभा जाणारा वाइन रंगाचा एकच बारीक धागा. दुरून दिसत नव्हता. वाकलं की दिसे, शिरेतल्या रक्तासारखा.

भिंतीवर खिळेच खिळे आणि प्रत्येक खिळ्याला कागदी नमुन्यांची जुडी. एकेका गिऱ्हाइकाच्या अंगाचा कागद. कोणाचा खांदा उतरलेला, कोणाची पाठ वाकलेली, कोणाचं पोट पुढे. मास्तरांनी सगळं कागदावर उतरवलं होतं आणि कोटात लपवलं होतं.

फरशीवर टेबलापाशी एक तपकिरी डाग होता. भाच्याने नजर काढून घेतली.

आत्या मागच्या मोरीत गेली आणि तिथूनच तिने हाक मारली. बादलीत दोन चादरी बुडालेल्या होत्या. चार दिवसांच्या पाण्याला आंबूस वास सुटला होता. भाच्याने नाकाला रुमाल लावला.

"खून करायला आलेला माणूस आधी चादरी भिजवतो?" ती म्हणाली.

"केल्यावर भिजवल्या असतील. सबब म्हणून."

"सबबच शोधायची तर पटेल अशी नसती शोधली? चल. मालकाला भेटू."

*

मालक पन्नाशीचा, गोरा, केस मागे वळवलेले. अंगावर राखाडी सूट. भाचा तसा कपड्यांतला नव्हे, पण हा सूट बघून त्यालाही आपल्या तयार कोटाच्या बाह्या बोटांवर आलेल्या जाणवल्या. मालक वळला तरी कॉलर मानेपासून सुटत नव्हती. पँटला खाली मोहरीशी बाहेरून दुमड घातलेली, जुन्या पद्धतीची, काटेकोर.

"मास्तर म्हणजे दुकानाचा देव," मालक म्हणाला. "पण देवाची पूजा करायला आता माणसं येत नाहीत, बाई. कोण देतो तीन तीन ट्रायली? लोक सकाळी ठरवतात, संध्याकाळी घालतात. एका रेडीमेडच्या कंपनीशी बोलणं चाललंय माझं. आपलं नाव आणि आपले नमुने त्यांना हवेत."

"भिंतीवरचे?"

"तेच. चारशे अंगं आहेत तिथे. त्यावरून मापं काढली तर कोणालाही बसेल असा कोट निघतो."

"मास्तरांना पसंत होतं?"

"म्हाताऱ्या माणसाला काय पसंत पडतं?" तो हसला. "बुधवारीच भेट होती कंपनीच्या माणसाशी, हॉटेलात. सहा ते नऊ. तो तर माझ्या कोटाची कॉलर चाचपून म्हणाला, हा कोणी शिवला? म्हटलं, आमच्या मास्तरांनी. हाच सूट होता अंगावर. कुठे महत्त्वाचं जायचं असलं की हाच घालतो." कोटाच्या काठावरून फिरवलेल्या त्याच्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी चिकटपट्टी होती.

"लागलं का काही?"

"गाडीच्या दारात सापडलं."

"त्या दिवशी कटिंगच्या खोलीत गेला होता?"

"नाही. मी पुढेच बसतो. मला त्यातलं कळत काय? आयुष्यात कात्री धरली नाही मी."

"आणि कापडाला पाणी दाखवणं?"

"ते मीच बंद केलं, दोन वर्षं झाली. हल्ली गिरणीतून कापड आटवूनच येतं, तसा शिक्का असतो. रात्रभर ओल्या चादरीत गुंडाळा, मग दुसरा दिवस सावलीत वाळवा, एवढा वेळ कोणाला आहे? मास्तर बरं म्हणाले."

*

डॉक्टर निवृत्त होते. दारात आले ते कोट घालूनच. कोट मऊ पडला होता, कोपरांशी किंचित चमक आली होती, पण बसला होता असा, की जणू माणसाबरोबरच म्हातारा झाला होता.

"पस्तीस वर्षांचा आहे," ते म्हणाले. "लहानपणी झाडावरून पडलो, डावा खांदा उतरला. मास्तरांनी पहिल्याच दिवशी बघितलं, बोलले काही नाहीत. कोट घातला तेव्हा आरशात दोन्ही खांदे सारखे. त्या दिवशी मी पहिल्यांदा ताठ उभा राहिलो. अजूनही घातला की वाटतं, कोणीतरी खांद्यावर हात ठेवलाय."

"नवा कोणासाठी?"

"मुलासाठी. इतकी वर्षं हसायचा माझ्या कोटाला. बाप झाला परवा, तर म्हणतो, बाबा, मला तुमच्यासारखा पाहिजे. कापड हिने घेऊन ठेवलेलं होतं, ती असताना. ट्रंकेत होतं, कागदात गुंडाळलेलं. तसं कापड आता मिळत नाही. मी ते बुधवारी पहिल्यांदाच घराबाहेर काढलं."

"मास्तर काय म्हणाले?"

"कापडावरून हात फिरवला. म्हणाले, शुक्रवारी कापतो. मुलाचा कागद त्यांनी आदल्या आठवड्यातच करून ठेवला होता." डॉक्टरांनी चष्मा पुसला. "शुक्रवारी म्हणाले होते, आणि बघा, त्याच संध्याकाळी कापला. जायचं कळलं असेल का हो माणसाला?"

भाच्याने वही मिटली. आत्या मात्र डॉक्टरांकडे टक लावून बघत होती.

"मालकाला किती वर्षं ओळखता?"

"त्याला? तो चड्डीत होता तेव्हापासून. दिवसभर मास्तरांच्या टेबलाशी असायचा. मास्तर त्याला तुकडे द्यायचे कापायला. हात फार चांगला होता पोराचा. बापाने कान धरून शाळेत घातला आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत घरी बोलवायला लागला, म्हणून सुटलं."

*

शागीर्दाचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. अरुंद, पण लखलखीत. मागच्या बोळात दोरीवर ओल्या चादरी टांगलेल्या आणि त्यांच्या घडीत कापड.

त्याने आत्याच्या आधी भाच्याकडे पाहिलं. "साहेब, हा कोट तुम्ही घेतला की तुम्हाला कोणी चिकटवला?"

"सेलमध्ये होता," भाचा म्हणाला.

"दिसतंच आहे. खांदा तुमच्या आधी वळतो."

"आता कोट पुरे," आत्या म्हणाली. "बुधवारी कशाला गेला होतात?"

शागीर्दाचं हसू मावळलं. "न्यायला. म्हटलं, मास्तर, तिथे तुमचे कागद विकायला काढलेत, माझ्याकडे या. म्हणाले, कागद घेऊनच येईन, नाहीतर येणार नाही. ती माणसं आहेत, तिथे टाकून कसा येऊ? चारला निघालो. सव्वाचारपासून माझ्याकडे गिऱ्हाईक होतं, मग दुसरं, आठपर्यंत."

"कापलेला कोट पाहिलात?"

"पंचनाम्याला बोलावलं होतं. दारातूनच पाहिला." तो खाली बघू लागला. "कटिंग त्यांच्याच वळणाचं. मास्तर कात्रीची टाच टेबलावरून उचलायचे नाहीत, त्यामुळे कडेला कुठे दात दिसत नाही. आम्हा दोघातिघांनाच शिकवलं त्यांनी ते."

"तुम्ही हल्ली पाणी दाखवता कापडाला?"

"मी काय, मास्तर तरी थांबले होते की काय? मालक गेले की दाखवायचे. इस्त्रीकाका त्यासाठीच यायचे सहानंतर. दोन वर्षं चोरून चाललं होतं म्हाताऱ्यांचं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "गिरणीचा शिक्का म्हणे! मास्तर म्हणायचे, शिक्का कापडाला कळत नाही."

बाहेर आल्यावर आत्या फुटपाथवरच उभी राहिली. रहदारीच्या आवाजात तिला काहीतरी ऐकू येत असावं, असा तिचा चेहरा झाला होता.

"फौजदाराला फोन लाव," ती म्हणाली. "सगळ्यांना कटिंगच्या खोलीत बोलाव. आणि एक शेगडी."

"शेगडी?"

"इस्त्री काय फुंकर मारून तापवायची, ठोंब्या?"

*

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत सातजण होते. लेक खिडकीशी. डॉक्टर स्टुलावर. शागीर्द भिंतीला टेकून. मालक दारापाशी, हातात घड्याळ चाळवत. फौजदाराच्या बगलेत फाइल, आणि फाइलमध्ये सही व्हायची कबुली. संध्याकाळ व्हायला फार वेळ उरला नव्हता. भाच्याचं लक्ष सारखं त्या फाइलकडे जात होतं.

आत्याने टेबलावरून बाहीचा एक तुकडा उचलला आणि त्यावर बाहीचा कागद ठेवला. कडेला कड तंतोतंत जुळली.

"सगळ्यांनी बघा. फौजदारसाहेब, तुम्हीपण."

मग तिने शागीर्दाला खूण केली. त्याने तुकड्यावर ओलं फडकं पसरलं, शेगडीवरची इस्त्री उचलली आणि दाबून धरली. वाफ भसकन वर आली. ओल्या लोकरीचा वास खोलीभर झाला. लेकीने डोळे मिटले. तो वास तिच्या बापाचा होता.

तीनदा फडकं भिजवलं, तीनदा वाफ काढली. तुकडा गार होऊ दिला. आत्याने पुन्हा कागद ठेवला.

कागद बोटभर बाहेर आला.

"आटलं," शागीर्द पुटपुटला. त्याचा रंग उतरला. "याला पाणी दाखवलेलंच नव्हतं. असा कोट शिवला असता तर पहिल्या दमट दिवशी अंगात चढला नसता."

"बरं मग?" फौजदार म्हणाला.

"मग हा कोट मास्तरांनी कापलेला नाही."

शेगडीत एक निखारा फुटला.

"कापड दुकानात आलं बुधवारी साडेतीनला," आत्या म्हणाली. "पाणी दाखवायचं म्हणजे एक रात्र ओल्या चादरीत, एक दिवस सावलीत. मालकांनीच मला सांगितलं. म्हणजे गुरुवार संध्याकाळच्या आत या कापडाला कात्री लागणं शक्य नव्हतं, आणि मास्तर तर डॉक्टरांना शुक्रवार म्हणाले होते. हे सगळं सगळ्यांना माहीत होतं. एकाला चादरी माहीत, एकाला वार माहीत, लेकीला तर पाळण्यातच माहीत. ओल्या चादरीत नीज, उद्या सावली, मग कात्री."

"म्हातारा विसरला असेल," मालक म्हणाला.

"मग इस्त्रीवाल्याला सहाला बोलावलं कशाला? बादलीत चादरी अजून आंबतायत. आपण सगळे त्याला खोटं पाडत होतो, कारण कापड आधीच कापलेलं होतं. उलटं करून बघा. तो खरं बोलतोय असं धरा. मग खोटं कोण बोलतंय? हा कोट."

ती टेबलाच्या कडेने चालू लागली. भाच्याला तिच्या पायांखालच्या डागाची आठवण झाली.

"मास्तर चारनंतर थोड्याच वेळात मेले. मग कोणीतरी दार लावून, ते इथे खाली पडलेले असताना, इथे उभं राहून कोट कापला. कशासाठी? मास्तर साडेसहापर्यंत जिवंत दिसावेत म्हणून. मास्तरांना अडीच तास लागायचे, तयार कागद हाताशी असलेल्या चलाख हाताला तास पुरतो. इस्त्रीवाल्याला ते जमणार नाही, आणि जमलं असतं तरी त्याने स्वतःच्या गळ्यातला फास का आवळावा? साडेसहाच्या मरणाचा फायदा साडेसहाला दुसरीकडे असलेल्या माणसाला."

"तो तिथे उभा आहे," मालकाने शागीर्दाकडे बोट केलं. "मास्तरांच्या वळणाचं कटिंग आणखी कोणाला येतं?"

"येतं त्याला. पण सव्वाचारपासून त्याच्याकडे गिऱ्हाईक होतं. आणि मुख्य म्हणजे, त्याला पाणी माहीत आहे. मास्तरांचा हात दाखवायला निघालेला शागीर्द कोरड्या कापडाला कात्री लावेल? त्याला ठाऊक आहे की ते बघताक्षणी इस्त्रीकाका ओरडले असते. ही चूक फक्त असा माणूस करेल, ज्याला मास्तरांनी कात्री शिकवली पण पाणी कधी दाखवलं नाही. जो लहानपणी दिवसभर टेबलाशी असायचा, पण दिवे लागायच्या आत घरी जायचा. ज्याला पुढे वाटलं, ते खूळ मी बंद केलंय. आणि म्हातारे बरं म्हणाले म्हणजे थांबले."

मालक हसला. हसू ओठांवरच सुकलं. "मी कात्री धरत नाही, सांगितलं ना."

"म्हणूनच अंगठ्याच्या मुळाशी फोड आला. रोज धरणाऱ्याला घट्टा असतो. शागीर्दाचा बघा."

"गाडीचं दार—"

"असेल. मी फोडावर फाशी देत नाही कोणाला." आत्या थांबली. "साहेब, बुधवारी हाच सूट होता ना? कंपनीच्या माणसाने कॉलर चाचपली तो?"

"हो. मग?"

"आणि या खोलीत तुम्ही त्या दिवशी आला नाहीत. त्यानंतर खोलीला सील. डॉक्टरांचं कापड तुम्ही पाहिलंही नाहीत."

"नाही पाहिलं."

"लोकर कापताना बारीक चुरा पडतो. टेबलाच्या कडेवरून खाली, सरळ पायांवर. साध्या पँटवरून तो झटकला जातो. पण मास्तरांनी तुम्हाला जुन्या पद्धतीची पँट शिवली, मोहरीला दुमड घालून. फौजदारसाहेब, ती दुमड तेवढी उलगडा."

मालकाने खाली पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. भाच्याला नंतर कितीतरी दिवस तो क्षण आठवत राहिला. इतका देखणा सूट, आणि आतला माणूस त्यात अचानक मावेनासा झाला.

फौजदाराने गुडघा टेकून दुमड खाली ओढली. तळहातावर करडा चुरा पडला. खडूची पूड. आणि कापडाची दोन बारीक कातरं, नखाएवढी. एकात वाइन रंगाचा धागा होता.

डॉक्टर उठून उभे राहिले. "हिचं कापड," एवढंच ते म्हणाले.

मालक दाराच्या चौकटीला टेकला. बोलला तेव्हा आवाज बारीक झाला होता. "कागद देतो म्हणाले असते तर काही झालं नसतं. मी मागितले. म्हणाले, चड्डीत होतास तेव्हापासून सांगतोय, माणसं विकायची नसतात. अजून मला चड्डीतलाच समजत होते! इस्त्री हाताशी होती..." त्याने टेबलाकडे पाहिलं. "मग कापायला लागलो. वाटलं होतं, जमणार नाही. पण हात आपोआप चालला. टाच उचलायची नाही, टाच उचलायची नाही, असं त्यांच्याच आवाजात ऐकू येत होतं. ते खाली पडलेले होते आणि मला वरून ऐकू येत होतं."

लेक खिडकीपासून पुढे आली. भाच्याला वाटलं, आता ही त्याच्या अंगावर धावून जाईल. ती मालकासमोर उभी राहिली, त्याच्याकडे बघितलं, आणि त्याला टाळून फौजदाराकडे वळली.

"ती फाइल द्या," ती म्हणाली. "तो कागद माझ्यासमोर फाडा आणि मला काकांकडे न्या."

*

कोठडीचं दार उघडलं तरी म्हातारा उठला नाही. हवालदाराने त्याला हाताला धरून बाहेर आणलं. बाकावर बसवलं. चपला पायांपुढे ठेवल्या, तर त्या कोणाच्या ते त्याला समजेना. लेकीने वाकून त्याच्या पायांत घातल्या.

"काका, चला घरी. खरा माणूस सापडला."

"कोण?"

तिने नाव सांगितलं नाही. "तुम्ही नाही," ती म्हणाली.

म्हातारा बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिला. आत्या दारातच थांबली. भाचाही थांबला.

"चार दिवस सगळे तेच म्हणत होते," म्हातारा म्हणाला. "साहेब म्हणाले, हवालदार म्हणाले. रात्री डोळे मिटले की मलाच दिसायचं, इस्त्री माझ्या हातात आहे. मग मी म्हटलं, असेल बाबा. केलं असेल." त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "पोरी, खरं सांग. मी नाही ना मारलं त्यांना?"

"नाही, काका."

"नक्की?"

"नक्की."

त्याने मान हलवली. चार पावलं चालला, आणि पायरीशी येऊन पुन्हा थांबला.

"पोरी," तो म्हणाला, "मी नाही ना मारलं?"